हार्लन काउंटी : एका डोंगरी मुलखाचा नागरी इतिहास



अमेरिका म्हटली की न्यूयॉर्कच्या उंच इमारती आणि शिकागोचे कारखाने आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. तेथील खेड्यापाड्यांत माणसे कशी राहतात, त्यांचा कारभार कोण पाहतो, याचा विचार आपण सहसा करीत नाही. कामगार चळवळीचा इतिहास वाचताना एका आडवळणाच्या मुलखाचे नाव मात्र माझ्यासमोर पुनःपुन्हा येत राहिले. ते म्हणजे केंटकी राज्यातील हार्लन काउंटी. या काउंटीची जमीन, तिची वस्ती आणि तिचे सार्वजनिक जीवन यांची हकिगत आज मी तुमच्यापुढे मांडणार आहे.

प्रथम काउंटी म्हणजे काय ते पाहू. आपला जिल्हा मोठा असतो. त्या मानाने केंटकीतील काउंटी फार लहान. एवढ्याशा राज्यात १२० काउंट्या आहेत. हार्लनचे क्षेत्रफळ सुमारे बाराशे चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याएवढे. पण महत्त्वाचा फरक आकारात नाही, कारभारात आहे. आपल्याकडे कलेक्टर आणि पोलीसप्रमुख वरून नेमून येतात. तेथे काउंटीचा मुख्य कारभारी, त्याच्या सोबतचे मॅजिस्ट्रेट, शेरीफ, दप्तर सांभाळणारा क्लार्क, इतकेच नव्हे तर तुरुंगाचा जेलरदेखील लोकांच्या मतांनी निवडून येतो. कागदावर पाहिले तर याहून अधिक लोकशाही ती कोणती? आणि तरीही याच काउंटीत एक काळ असा होता, की कामगाराला सभा भरवायची तर सरहद्द ओलांडून शेजारच्या काउंटीत जावे लागे. हे असे का झाले, हा आजच्या व्याख्यानाचा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर शोधायचे तर जमिनीपासून सुरुवात केली पाहिजे. हार्लन राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात, व्हर्जिनियाच्या सीमेला लागून आहे. उत्तरेकडून पाइन मौंटन नावाची लांबच लांब रांग भिंतीसारखी आडवी गेली आहे. दक्षिणेच्या बाजूस ब्लॅक मौंटन आहे; सुमारे ४,१४० फूट उंचीचा हा डोंगर म्हणजे केंटकी राज्याचे सर्वांत उंच ठिकाण. मधल्या अरुंद खोऱ्यांतून पुअर फोर्क, क्लोव्हर फोर्क आणि मार्टिन्स फोर्क असे तीन प्रवाह वाहतात आणि हार्लन गावाजवळ एकत्र येऊन कंबरलँड नदी होतात. सपाट जमीन म्हणून जी काय आहे ती या प्रवाहांच्या काठी. रस्ता, रेल्वे, घर आणि शेत या सर्वांना तेवढ्याच चिंचोळ्या पट्टीत दाटीवाटीने बसावे लागते. ज्याच्या हाती खोऱ्याचे तोंड, त्याच्या हाती खोऱ्यातली माणसे, ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

काउंटीची स्थापना १८१९ साली झाली. १७८२ मध्ये ब्लू लिक्सच्या लढाईत पडलेल्या सायलस हार्लन या सैनिकाचे नाव तिला दिले गेले. पुढे जवळजवळ शतकभर येथे मका पिकवणारी, डुकरे पाळणारी, शिकार करणारी आणि लाकूड तोडून नदीत सोडणारी डोंगरी कुटुंबे राहत होती. पैसा थोडा होता, पण जमीन ज्याची त्याची होती.

ही जमीन हातची कशी गेली, ते पाहण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जमिनीचे दलाल डोंगरात हिंडू लागले. ते शेतकऱ्याला म्हणत, ‘बाबा, तुझे घर तुला, शेत तुला, आम्हांला फक्त पोटातला कोळसा दे.’ एकरी अर्ध्या डॉलरपासून फार तर काही डॉलरपर्यंत भाव मिळे. खरेदीखतात मात्र असे कलम असे, की कोळसा काढण्यासाठी जे जे करणे जरूर ते करण्याचा हक्क विकत घेणाराला राहील. अक्षरओळख नसलेल्या माणसाने खाली फुली मारली आणि नातवंडांच्या पायाखालची जमीन विकली गेली. पुढे यंत्रांनी डोंगराचा माथा वरून खरवडण्याचे दिवस आले, तेव्हा न्यायालयांनी वर्षानुवर्षे याच खतांचा आधार घेऊन कंपन्यांच्या बाजूने निकाल दिले. अखेर १९८८ साली केंटकीच्या मतदारांनी मोठ्या बहुमताने राज्यघटना दुरुस्त केली आणि या खतांना लगाम घातला.

१९११ मध्ये रेल्वे आली आणि काउंटीचे रूप पालटले. खानेसुमारीचे आकडेच बोलतात. १९१० साली वस्ती १०,५६६ होती. १९२० साली ती ३१,५४६ झाली, १९३० साली ६४,५५७ आणि १९४० साली ७५,२७५. तीस वर्षांत सातपट! डोंगरातला शेतकरी खाणीत उतरला. दक्षिणेतून, विशेषतः अलाबामातून, निग्रो म्हणून हिणवले जाणारे कृष्णवर्णीय कामगार आले. इटली, हंगेरी, पोलंड येथूनही माणसे आली. बेनहॅम हे गाव शेतीची यंत्रे बनवणाऱ्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या पोलाद शाखेने वसवले. शेजारचे लिंच हे यू. एस. स्टीलच्या कोळसा कंपनीने १९१७ पासून उभारले. त्याची वस्ती दहा हजारांच्या घरात गेली.

अशा गावांत सोयी नव्हत्या असे मी म्हणणार नाही. लिंचमध्ये शाळा होती, इस्पितळ होते, कामगारांना अंघोळीची जागा होती. पण शाळा कंपनीची, इस्पितळ कंपनीचे, घर कंपनीचे, दुकान कंपनीचे. अनेक कंपन्या उचल म्हणून आपले बिल्ले देत आणि ते बिल्ले त्याच कंपनीच्या दुकानात चालत. काम सुटले की घर सुटले. गोऱ्यांची आणि काळ्यांची शाळा वेगळी होती, हे वेगळे सांगायला नकोच. अशा गावात नगरपालिका नव्हती आणि चार माणसांनी जमावे असा चौकही नव्हता. आपल्या गिरणगावात कामगार गेटसभा घेत असे, कारण गेटाबाहेरचा रस्ता सरकारी असे. लिंचमध्ये गेटाच्या आत कंपनी आणि गेटाबाहेरही कंपनीच.

म्हणूनच हार्लनच्या नकाशावर दोन प्रकारची गावे वेगवेगळी ओळखली पाहिजेत. एक कंपनीच्या मालकीची आणि दुसरी स्वतंत्र. एव्हर्ट्स, कंबरलँड आणि मुख्य ठाणे हार्लन ही स्वतंत्र गावे होती. तेथे स्वतःचा दुकानदार, स्वतःचे चर्च, भाड्याने मिळणारी खोली होती. १९३१ साली या फरकाला फार मोल आले.

त्या वर्षी मंदीमुळे कोळशाचा भाव कोसळलेला होता. फेब्रुवारीत मालकांनी मजुरीत दहा टक्के कपात केली. मार्चच्या आरंभी खाणकामगारांच्या युनियनने सभा घेतली, ती शेजारच्या बेल काउंटीतील पाइनव्हिल येथे. सभेला गेलेल्या अनेकांना कामावरून काढले आणि घराबाहेरही काढले. ही बेघर कुटुंबे कोठे जाणार? ती एव्हर्ट्समध्ये गोळा झाली, कारण तेथील जमीन कंपनीची नव्हती. ५ मे १९३१ रोजी एव्हर्ट्सजवळ कंपनीच्या बाजूच्या सशस्त्र माणसांच्या मोटारी आणि खाणकामगार यांच्यात गोळीबार झाला. चार माणसे ठार झाली. तीन कंपनीच्या बाजूची आणि एक खाणकामगार. राज्याचे सैन्य आले, कामगारांची धरपकड झाली, कित्येकांवर खुनाचे खटले भरले गेले आणि काहींना जन्मठेपा झाल्या. याच वर्षी फ्लॉरेन्स रीस या खाणकामगाराच्या पत्नीने, शेरीफची माणसे घराची झडती घेऊन गेल्यावर, दिनदर्शिकेच्या पानामागे एक गाणे लिहिले. ते आज अनेक देशांतील कामगार गातात. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात कादंबरीकार थिओडोर ड्रायझर लेखकांची समिती घेऊन आले आणि हार्लनचे नाव देशभर झाले.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. शेरीफ तर लोकांनी निवडलेला होता. मग तो लोकांविरुद्ध का गेला? शेरीफला डेप्युटी नेमण्याचा अधिकार असे. त्याने शेकड्याने डेप्युटी नेमले. त्यांच्या छातीवर बिल्ला काउंटीचा, कमरेला पिस्तूल कायद्याचे. पण त्यांतील बहुतेकांचा पगार कोळसा कंपन्या देत. श्रोते हो, सगळी मेख येथे आहे. मत कोणाचे पडले एवढेच पाहून भागत नाही. महिनाअखेर पगार कोण देतो तेही पाहावे लागते.

१९३५ मध्ये राज्यपालांनी नेमलेल्या चौकशी समितीने हार्लनमध्ये दहशतीचे राज्य असल्याचा अहवाल दिला. त्याच वर्षी वॅगनर कायद्याने कामगारांना संघटनेचा हक्क मिळाला. पण कायदा वॉशिंग्टनहून हार्लनपर्यंत पोहोचायला आणखी तीन वर्षे लागली. फेब्रुवारी १९३७ मध्ये युनियनचे काम करणाऱ्या एका धर्मोपदेशकाच्या घरावर रात्री गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्याचा तरुण मुलगा ठार झाला. सीनेटर ला फॉलेट यांच्या समितीने त्या वर्षी उघड साक्षी घेतल्या. डेप्युटींची नावे आणि त्यांना पैसे देणाऱ्यांची नावे सर्व देशापुढे वाचली गेली. १९३८ मध्ये मालक आणि डेप्युटी यांच्यावर केंद्र सरकारने खटला भरला. ज्यूरीचे एकमत झाले नाही, कोणाला शिक्षा झाली नाही. पण खाजगी पगारावरच्या डेप्युटींची पद्धत राज्याच्या कायद्याने बंद झाली आणि मालकांनी युनियनशी करार केला. शिक्षेपेक्षा उघडकीस येण्याची भीती कधी कधी अधिक काम करते, ती अशी.

यानंतरची पंधरावीस वर्षे हार्लनच्या नागरी जीवनातील भरतीची. टनामागे ठरावीक रक्कम मालकाकडून घेऊन युनियनने कल्याण निधी उभारला. त्या निधीतून तीन राज्यांत दहा इस्पितळे बांधली गेली आणि १९५६ मध्ये त्यांतील एक हार्लनला सुरू झाले. संघटनेचा मला वाटणारा खरा अर्थ हाच आहे. संप दोन महिन्यांत संपतो, इस्पितळ राहते. आर्थिक अडचणीमुळे युनियनला १९६३ मध्ये ही इस्पितळे दुसऱ्या संस्थेकडे सोपवावी लागली. तरी हार्लनचे इस्पितळ आजही चालू आहे.

पण याच काळात दुसरी गोष्ट घडत होती. युनियनचे अध्यक्ष जॉन लुइस यांनी १९५० च्या करारात चांगली मजुरी मिळवली आणि तिच्या बदल्यात यंत्रांना वाट मोकळी केली. दहा माणसांचे काम दोन माणसे करू लागली. १९५० साली ७१,७५१ असलेली वस्ती १९७० साली ३७,३७० वर आली. वीस वर्षांत अर्धी काउंटी उठून डेट्रॉइट, क्लीव्हलंड, शिकागोकडे गेली. लिंच भागातून गेलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी ‘ईस्टर्न केंटकी सोशल क्लब’ स्थापन केला आणि ती विखुरलेली माणसे दरवर्षी मेळाव्यासाठी एकत्र येऊ लागली. गाव सुटले, पण गावकी सुटली नाही.

१९७३ मध्ये ब्रुकसाइड खाणीवर पुन्हा संप झाला. मालकी ड्यूक पॉवर या वीज कंपनीची. कामगारांच्या घरांत नळाचे पाणीही नव्हते. न्यायालयाने फाटकावर उभे राहणाऱ्या पुरुषांची संख्या मर्यादित केली, तेव्हा त्यांच्या बायका रस्त्यावर आडव्या आल्या. संप तेरा महिने चालला. ऑगस्ट १९७४ मध्ये एक तरुण खाणकामगार गोळीला बळी पडला आणि त्यानंतर काही दिवसांतच करारावर सह्या झाल्या. बार्बरा कॉपल यांनी या संपावर केलेल्या बोलपटाला ऑस्कर मिळाले.

आणि आज? २०२० च्या खानेसुमारीत हार्लनची वस्ती २६,८३१ भरली. लिंचमध्ये हजार माणसेही उरली नाहीत. बेनहॅमच्या कंपनी-दुकानाच्या इमारतीत कोळशाचे संग्रहालय आहे आणि २०१७ मध्ये तिच्या छपरावर सूर्याच्या उष्णतेवर नव्हे, प्रकाशावर वीज करणारे पत्रे बसले! युनियनच्या खाणी एकामागून एक बंद झाल्या. जुलै २०१९ मध्ये ब्लॅकज्युएल कंपनीने दिवाळे काढले. कामगारांचे पगाराचे चेक वटले नाहीत. हे कामगार युनियनचे नव्हते. तरी ते कोळशाच्या गाडीपुढे रुळांवर जाऊन बसले आणि सप्टेंबरपर्यंत तेथे तळ ठोकून राहिले. शेजारीपाजारी जेवण आणून देत होते. नव्या खाण कंपनीने मजुरीपोटी आगाऊ तारण ठेवले पाहिजे असा कायदा राज्यात होता. त्या कंपनीने ते ठेवले नव्हते आणि कोणी विचारलेही नव्हते. कायद्याच्या पुस्तकात कलम होते, पण त्यावर नजर ठेवणारी संघटना नव्हती.

हार्लनपासून आपण काय घ्यावे? नागरी जीवन निवडणुकांवर उभे राहते हे खरे; पण तेवढ्यावर ते तग धरीत नाही. माणसांना सभेसाठी उभे राहायला स्वतःची जागा लागते. अधिकाऱ्याचा पगार सार्वजनिक तिजोरीतून यावा लागतो. आणि कायदा पाळला जातो की नाही हे पाहणारी, वर्गणीवर चालणारी संस्था लागते. ज्या ज्या वेळी हार्लनच्या लोकांजवळ या तीन गोष्टी होत्या, त्या त्या वेळी ते नागरिक होते. नसल्या तेव्हा ते कंपनीचे कुळ झाले, मतपत्रिका हातात असूनही. आपल्या गावचे मैदान, आपल्या नगरपालिकेचा हिशेब आणि आपल्या संस्थेची वर्गणी या क्षुल्लक वाटणाऱ्या बाबींकडे या दृष्टीने पाहा, एवढीच माझी विनंती आहे.