कृत्रिम हृदयझडप आणि तिचे वाहन

कृत्रिम हृदयझडपेचा इतिहास लिहिताना लक्ष बहुधा झडपेवरच केंद्रित होते. ती हृदयापर्यंत वाहून नेणाऱ्या नलिकेचा उल्लेख केवळ अनुषंगाने येतो. कालानुक्रम पाहू गेल्यास मात्र हा दृष्टिकोन अपुरा वाटू लागतो. आल्बर्ट स्टार व लॉवेल एडवर्ड्स यांची गोलकयुक्त झडप इ. स. १९६० मध्ये द्विदल झडपेच्या जागी यशस्वीपणे बसविली गेली; परंतु छाती न उघडता मानवी महारोहिणीच्या मुखाशी झडप बसविण्यास इ. स. २००२ उजाडावे लागले. या बेचाळीस वर्षांच्या विलंबाचे एक प्रमुख कारण वाहनाच्या अडचणींत शोधावे लागते.

‘कॅथेटर’ हा शब्द ‘खाली सोडणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदापासून आलेला असून मूलतः तो मूत्रमार्गातील नलिकेचा वाचक होता. इ. स. १९२९ मध्ये वेर्नर फॉर्समान या जर्मन वैद्याने मूत्रवाहिनीसाठीचीच नलिका स्वतःच्या दंडातील नीलेतून हृदयापर्यंत सरकविली. कूर्नाँ व रिचर्ड्स यांनी ही पद्धती निदानासाठी विकसित केली, आणि इ. स. १९५६ चे नोबेल पारितोषिक या तिघांस विभागून मिळाले. तथापि ही नलिका दाब मोजण्यापुरती व द्रव्य सोडण्यापुरतीच होती. अवजड वस्तू वाहून नेणे हे तिचे काम नव्हते. इ. स. १९६५ मध्ये डेव्हीस यांनी नलिकेच्या टोकाशी शंक्वाकार झडप जोडून ती कुत्र्यांवर योजून पाहिली. ही झडप नलिकेशी बांधलेली असल्याने उपाय तात्पुरताच ठरला. झडप स्वस्थानी ठेवून वाहनाने माघारी यावयाचे, ही पुढची पायरी अद्याप दूर होती.

ती पायरी डेन्मार्कमधील हेनिंग रूड अँडरसन यांनी गाठली. त्यांनी डुकराची झडप तारांच्या प्रसरणशील चौकटीत शिवली, फुग्यावर आवळून बसविली आणि १ मे १९८९ रोजी एका डुकराच्या महारोहिणीत फुगवून मोकळी केली. परंतु त्यासाठी ४१ फ्रेंच मापाची नलिका लागली. शार्येर या पॅरिसच्या उपकरणकाराच्या नावाशी निगडित अशा या मापात एक एकक म्हणजे मिलिमीटरचा तृतीयांश. म्हणजेच नलिकेची जाडी साडेतेरा मिलिमीटरांहून अधिक भरते. मनुष्याच्या मांडीतील रोहिणीचा व्यास सामान्यतः सात-आठ मिलिमीटर असतो. हे अंतर काटण्यातच पुढील दशक गेले.

१६ एप्रिल २००२ रोजी रूआँ येथे आलँ क्रिबिए यांनी शस्त्रक्रियेस अयोग्य ठरलेल्या एका ५७ वर्षांच्या मरणासन्न रुग्णाच्या हृदयात अशी झडप बसविली. नलिका २४ फ्रेंच, म्हणजे आठ मिलिमीटरांची होती. रुग्णाच्या पायांच्या रोहिण्या रोगग्रस्त असल्याने मार्ग नीलेतून, कर्णिकांमधील पडदा भेदून आणि द्विदल झडपेतून न्यावा लागला. या वळणात तार ताणली गेल्यास निरोगी द्विदल झडपच ओढली जाऊन गळू लागे. रोहिणीतून उलट दिशेने जाणारा मार्ग सोपा होता. पण महारोहिणीच्या कमानीशी ताठ नलिका अडे. व्हँकूव्हर येथील जॉन वेब यांनी टोक वळविता येणारी नलिका वापरून ही अडचण दूर केली. त्यांचे प्रारंभीचे अनुभव इ. स. २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. दुसरीकडे निकेल व टिटॅनियम यांच्या नायटिनॉल या मिश्रधातूच्या, आवरण मागे ओढताच आपोआप उलगडणाऱ्या झडपेसाठी नलिकेची जाडी २५ फ्रेंचवरून २१ वर व नंतर १८ वर आणण्यात आली.

ही घट केवळ यंत्रकौशल्याची बाब नव्हे. इ. स. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, शस्त्रक्रियेस अयोग्य अशा ३५८ रुग्णांच्या तुलनात्मक पाहणीत एका वर्षातील मृत्यूचे प्रमाण प्रचलित उपचारांत ५०.७ टक्के, तर नलिकेद्वारे बसविलेल्या झडपेच्या गटात ३०.७ टक्के आढळले. मात्र पहिल्या तीस दिवसांत रक्तवाहिन्यांना गंभीर इजा होण्याचे प्रमाण १.१ टक्क्यावरून १६.२ टक्क्यांवर गेले. झडपेने वाचविलेले जीव वाहनामुळे पुन्हा धोक्यात येत होते. आणि ज्यांच्या रोहिण्या मुळातच बारीक, त्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे, त्यांना हा मार्ग पुष्कळदा बंदच राही. पुढे १४ फ्रेंचचे, झडप जाताना क्षणभर रुंदावून पुन्हा आकसणारे आवरण प्रचारात आले, तेव्हा हे दार बरेच उघडले.

यावरून असा निष्कर्ष निघतो की, या उपचाराच्या इतिहासाचे टप्पे झडपेच्या नमुन्यांइतकेच नलिकेच्या मापांवरूनही ठरवावयास हवेत. कोणत्या रुग्णास उपचार मिळावा आणि कोणास नाकारला जावा, हे अनेकदा मिलिमीटरभर जाडीने ठरविले आहे.