‘अज्ञान’ कोणास म्हणावे?

आपल्या कायद्याच्या मराठीत अठरा वर्षांखालील व्यक्ती ‘अज्ञान’ ठरते. वय आणि समज यांची हीच सांगड इंग्लंडमधील एका खटल्यात तपासली गेली. अपवादात्मक परिस्थितीत सोळा वर्षांखालील मुलीला पालकांच्या संमतीवाचून गर्भनिरोधके देता येतील, असे तेथील आरोग्य खात्याने १९८० साली डॉक्टरांना कळवले होते. पाच मुलींची आई असलेल्या व्हिक्टोरिया गिलिक यांनी त्यास आव्हान दिले. डिसेंबर १९८४ मध्ये अपील न्यायालयाने त्यांची बाजू मान्य केली आणि डॉक्टरांचे हात बांधले गेले. घरी कळेल या धास्तीने मुलगी दवाखान्याची पायरीच चढणार नाही, ही चिंता त्यामागोमाग आली.

१७ ऑक्टोबर १९८५ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी तो निर्णय फिरवला. मुलाची समज वाढते तसा पालकांचा अधिकार ओसरतो, हे लॉर्ड स्कारमन यांचे प्रतिपादन. लॉर्ड फ्रेझर यांनी डॉक्टरांना कसोट्या दिल्या: मुलीला सल्ला कळतो का? पालकांना सांगण्यास ती खरोखरच राजी नाही का? उपचार नाकारल्यास तिच्या प्रकृतीला अपाय होईल का? औषधाच्या चिठ्ठीआधी संभाषण आवश्यक ठरले.

या कसोट्यांपुढे आपला ‘अज्ञान’ हा शब्द खटकतो. तो सांगतो केवळ वय. निवाडा मात्र समजेचा करून मोकळा होतो.