तंबाखू, मासे आणि भाताची खाचरं

होडीतून उतरताना जपून, फळी निसरडी आहे. साल १६५०, ऑगस्ट महिना, व्हर्जिनियातल्या जेम्स नदीचा काठ. अंगातली लोकरीची बंडी काढून नदीत फेकावीशी वाटेल, पण राहू द्या. इथला इंग्रज इंग्लंडचेच कपडे घालून घामाघूम होतो.

गाव कुठे आहे, असं विचाराल. गाव नाही. दिवसभर वल्हवत गेलात तरी पेठ, चौक, देवळाभोवतीची वस्ती असलं काही लागणार नाही. मळा, मग जंगल, मग पुन्हा मळा. प्रत्येक मोठ्या मळ्याला स्वतःचा धक्का, आणि लंडनचं जहाज थेट त्या धक्क्याला लागतं. जहाजच दारात येत असेल तर बाजार वसवायचा कुणासाठी?

ही सगळी करणी तंबाखूची. १६०७ साली जेम्सटाऊनला १०४ पुरुष आणि पोरं उतरली ती सोन्याच्या आशेनं. १६०९-१० च्या हिवाळ्यात त्यांनी घोडे, कुत्री, उंदीर खाल्ले आणि शेवटी माणसंही. एका मुलीच्या कवटीवरच्या सुरीच्या खुणा २०१२ साली उत्खननात सापडल्या. पुढे जॉन रॉल्फनं गोडसर चवीच्या तंबाखूचं बी लावलं आणि वसाहत तगली. पण तंबाखू तीन-चार वर्षांत जमिनीचा कस पिऊन टाकतो. मग जंगल तोडा, पुढे सरका. जंगल इथल्या मूळच्या पोव्हाटन लोकांचं असतं, एवढीच अडचण. ती बंदुकीनं सोडवली जाते.

शेतात चला. पानं हाताला चिकटतात, बोटं काळी पडतात. सरीतून वाकून चाललेला तो पोरगा बघा, सोळा-सतरा वर्षांचा असेल. प्रत्येक पान उलटं करतो, बोटाएवढी जाड हिरवी अळी ओढून काढतो आणि टाचेखाली चिरडतो. पुन्हा पुढचं पान. दिवसभर एवढंच. जहाजाचं भाडं नव्हतं म्हणून त्यानं अंगाची काही वर्षं लिहून दिली आहेत. असे करार बहुधा चार ते सात वर्षांचे असतात. हिवताप आणि आव यांतून वाचला तर सुटेल. अनेक जण वाचत नाहीत. बायका मोजक्याच, त्या विधवा झाल्या की लगेच दुसरं घर मांडतात, आणि एका चुलीवर तीन बापांची पोरं जेवतात. आजोबा नावाचा माणूस इथे क्वचितच दिसेल.

त्या पोराशेजारी आफ्रिकेतून आणलेला एक माणूसही अळ्या वेचतोय. पहिले वीसेक आफ्रिकी १६१९ साली आले. दोघांची भाकरी एक, झोपडी एक. पुढच्याच वर्षी, म्हणजे १६५१ साली, अँथनी जॉन्सन हा एकेकाळी विकून आणलेला आफ्रिकी माणूस व्हर्जिनियाच्या पूर्व किनाऱ्यावर २५० एकरांचा मालक होईल. रेषा अजून पक्की झालेली नाही. ती पक्की होईल १६६२ साली: मूल गुलाम की मोकळं, हे आईवरून ठरेल, असा कायदा होतो. बाप मळ्याचा मालक असला तर त्याची सोयच झाली. १६७६ साली नॅथॅनियल बेकनच्या बंडात गोरे नोकर आणि काळे गुलाम मिळून जेम्सटाऊन जाळतात. त्या सुमारास इंग्लंडहून येणाऱ्या नोकरांचा ओघही आटतो, आणि मळेवाले गुलामांच्या जहाजांची वाट बघू लागतात.

आता उत्तरेला, बॉस्टनला. साल तेच, १६५०. वारा अंगाला लागतो आणि बरं वाटतं. इथे पोरं आहेत, पुष्कळ. १६३० च्या दशकात सुमारे वीस हजार प्युरिटन आले ते बायकामुलांसह, कधी अख्खी आळीच्या आळी. थंडीत हिवताप टिकत नाही, त्यामुळे म्हातारेही आहेत. नातवंडांना रागावणारे, सभेत उगाच बोलणारे, जमिनीची वाटणी न करता मुलांना तिशीपर्यंत ताटकळत ठेवणारे. व्हर्जिनियाहून येणाऱ्याला सगळ्यात आधी हेच जाणवावं.

मधे गायरान, शेजारी सभागृह, भोवती घरं. रविवारी सभागृहात मानाप्रमाणे बसायचं आणि तासन् तास प्रवचन ऐकायचं. १६३६ साली कॉलेज काढलं, तेच हार्वर्ड. धर्माच्या छळाला कंटाळून आलेले हे लोक दुसऱ्याला मात्र काडीचीही सूट देत नाहीत. क्वेकर पंथाची मेरी डायर १६६० साली बॉस्टनमध्ये फासावर जाते.

जमीन दगडांची. नांगर चालला की दगड वर येतात, त्यांचेच गडगे रचतात. म्हणून पोट समुद्रावर. किनाऱ्यावर लाकडी मांडवांवर खारवलेला कॉड मासा वाळतोय, तो हातात घ्या. फळीसारखा कडक आणि पांढरा असेल तो माल स्पेन-पोर्तुगालला जाणार. तुटका, पिवळा पडलेला, वास मारणारा वेगळ्या ढिगात. तो जातो वेस्ट इंडीजच्या उसाच्या मळ्यांवर, गुलामांना घालायला. न्यू इंग्लंडची सोज्ज्वळता पाहून भारावून जाण्याआधी हा दुसरा ढीग बघून ठेवा.

मग काही दशकं पुढे, फिलाडेल्फियात. फार रेंगाळायचं नाही. इथला प्रदेश दुसऱ्या चार्ल्सनं १६८१ साली विल्यम पेनला दिला, त्याच्या बापाचं देणं फिटावं म्हणून. हा तोच राजा, ज्याला लग्नात मुंबई मिळाली आणि ज्यानं ती १६६८ साली वर्षाला १० पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. दुसऱ्याची जमीन वाटण्यात त्याचा हात सढळ होता. रस्ते सरळ आणि काटकोनात. क्वेकर लोक कुणापुढे टोपी काढत नाहीत आणि राजालाही अरे-तुरे करतात, तेव्हा कुणी तुम्हाला तू म्हटलं तर मान दुखावून घेऊ नका. गहू, पीठ, जर्मन शेतकरी. पेनकडेही गुलाम होते, पण १६८८ साली जवळच्याच जर्मनटाऊनमध्ये चौघांनी गुलामीविरुद्ध लेखी तक्रार केली. क्वेकरांच्या वरच्या सभेनं ती बाजूला ठेवली.

शेवटचा मुक्काम दक्षिणेला, चार्ल्स टाऊन, १७१२. कॅरोलायनाही चार्ल्सचीच देणगी, १६६३ सालची, आठ मर्जीतल्या सरदारांना. सुरुवातीच्या लोकांत बरेच जण बार्बाडोसहून आलेले: उसाच्या मळ्यांची सवय, गुलाम आणि चाबकाचे कायदे बरोबर घेऊनच. शहरापासून आत गेलात की पाय चिखलात रुततो. खाचरं, बांध, आणि बायका टाचेनं माती लोटून बी झाकताहेत. ही रीत लंडनची नव्हे, पश्चिम आफ्रिकेतल्या भातशेतीची. सुगीनंतर उंच लाकडी उखळ येतं, मुसळ वरून आदळतं, पहाटे आणि पुन्हा अंधार पडल्यावर. गवताच्या विणीच्या गोल टोपलीतून कोंडा वाऱ्यावर उडतो. दाणा तुटला की भाव पडतो, म्हणून मुसळाचा घाव जोराचा नको आणि हलकाही नको. हे हात थकलेले आहेत, पण चुकले तर शिक्षा आहे.

मालक उन्हाळ्यात हिवतापाच्या भीतीनं शहरात राहतो. खेड्यात इंग्रजी कानावर पडतच नाही, पडते ती अनेक आफ्रिकी बोलींत मुरलेली. १७०८ सालच्या मोजणीतच इथे गोऱ्यांपेक्षा काळे जास्त भरले होते.

परत निघण्यापूर्वी दोन कायदे वाचा. मॅसॅच्युसेट्स, १६४७: ५० घरांच्या गावानं मुलांना लिहायला-वाचायला शिकवणारा मास्तर नेमावा, १०० घरांच्या गावानं लॅटिनची शाळा काढावी, नाही काढली तर ५ पौंड दंड. साउथ कॅरोलायना, १७४०, स्टोनो नदीकाठच्या गुलामांच्या उठावानंतरच्या वर्षी: गुलामाला लिहायला शिकवणाऱ्याला १०० पौंड दंड.