मुस्लिम सत्यशोधक मंडळ: तिच्या तक्रारीपासून सुरुवात

18 एप्रिल 1966 रोजी सात मुस्लिम स्त्रिया मोर्चा घेऊन मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेल्या. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, अशी त्यांची मागणी होती. मोर्च्यामागे हमीद दलवाई होते. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे, ‘इंधन’ कादंबरीचे लेखक. त्यांच्या पत्नी मेहरुन्निसा त्या सातजणींत होत्या. सात हा आकडा लहान खरा, पण नवऱ्याच्या तोंडून तीनदा निघालेल्या शब्दाने घर सुटत असे, त्या काळात सरकारच्या दारात उभे राहणे किती अवघड होते, हे ध्यानात घ्यायला हवे.

या धडपडीला संस्थेचे रूप आले 22 मार्च 1970 रोजी, पुण्यात. मुस्लिम सत्यशोधक मंडळाने आपले नाते याच शहरात 1873 साली स्थापन झालेल्या जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाशी जोडले. पोथीवर हक्क कोणाचा आणि तिच्या नावाने चालणाऱ्या व्यवहारात लाभ कोणाचा, हा फुल्यांचा प्रश्न मंडळाने आपल्या समाजाला विचारला.

दलवाईंनी कुराणाचा नवा अर्थ लावत बसण्याची वाट धरली नाही. स्त्री नागरिक आहे, तिचा हक्क संविधानातून येतो, हीच त्यांची भूमिका. माझ्या मते मंडळाचे बळ यातच होते आणि मर्यादाही यातच. नमाज पढणाऱ्या, रोजे ठेवणाऱ्या बाईला न्याय हवा असतो आणि श्रद्धाही सोडायची नसते. पती-पत्नीत तेढ आली तर दोन्ही घरांतला एकेक मध्यस्थ नेमा, असे कुराणच सांगते. मग एका दमात दिलेला तलाक आला कुठून, असा सवाल ती करू शकते. 2007 मध्ये उभ्या राहिलेल्या भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने पुढे कुराणाच्याच आधाराने न्याय मागण्याची ही वाट घेतली. पाकिस्तानने 1961 मध्येच तलाकला लेखी नोटीस आणि समेटाच्या प्रयत्नाची अट घातली, ट्युनिशियाने तर 1956 मध्ये बहुपत्नीत्वावर बंदी आणली. मुसलमान देशांना हे जमले, मग इथे धर्म बुडतो असा ओरडा करणारे नेमके काय वाचवत होते? पुरुषाचा एकतर्फी अधिकार. मंडळ हे पहिल्या दिवसापासून सांगत होते.

ते सांगणारा सर्वांत खणखणीत आवाज सय्यदभाईंचा. बहिणीला तोंडी तलाक मिळाला आणि या माणसाचे आयुष्यच बदलले. मौलवींकडे दाद मिळेना, तेव्हा ते दलवाईंपर्यंत पोचले आणि मंडळाच्या संस्थापकांपैकी एक झाले. व्याख्यानांपेक्षा त्यांचा जीव माणसांत रमे. तलाक दिलेल्या बायकांना ते भेटत, कायद्याची वाट दाखवत, नवरा-बायकोत समेट होतो का पाहत. ‘दगडावरची पेरणी’ हे आत्मकथनाचे नाव त्यांनी उगाच दिले नव्हते. 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

दलवाईंना मात्र आयुष्य थोडे मिळाले. मूत्रपिंडाच्या विकाराने 3 मे 1977 रोजी, अवघ्या 44 व्या वर्षी ते गेले. मंडळ संपेल, असे अनेकांना वाटले असणार. पण मेहरुन्निसाताई आणि सय्यदभाईंनी ते चालते ठेवले.

1985 ची कसोटी मोठी होती. तलाक मिळालेल्या इंदूरच्या शाहबानोला दरमहा 179 रुपये 20 पैसे पोटगी देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने कायम केला आणि देशभर विरोधाचे मोर्चे निघू लागले. तेव्हा मंडळाने कोल्हापूरहून नागपूरकडे तलाक मुक्ती मोर्चा काढला. वाटेत विरोध झाला, तरी कार्यकर्ते हटले नाहीत. दिल्लीने मात्र तो निकाल निष्प्रभ करणारा 1986 चा कायदा करून धर्मगुरूंपुढे मान तुकवली. मला आजही दिल्लीच्या त्या निर्णयाचा संताप येतो. निराधार बाईच्या पोटगीवर सरकारने मतांचा हिशेब केला.

पुढे दुसऱ्या बाजूनेही अडचण आली. मुसलमानांना हिणवायला ज्यांना निमित्त हवे होते, त्यांनी तलाकचा विषय उचलला. अशा वेळी समाजातला अन्याय बोलून दाखवायचा आणि समाजाचा द्वेष करणाऱ्यांच्या हाती कोलीतही द्यायचे नाही, ही कसरत सुधारकाला रोज करावी लागते.

22 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी एका दमातला तलाक रद्द ठरवला, 2019 मध्ये तो गुन्हाही झाला. मंडळाच्या पन्नाशीचा दिवस, 22 मार्च 2020, मात्र कोरोनाच्या जनता कर्फ्यूत गेला. जुलै 2024 मध्ये न्यायालयाने पुन्हा बजावले की तलाक झालेली मुस्लिम स्त्रीही फौजदारी प्रक्रिया संहितेखाली पोटगी मागू शकते. पण नवऱ्याला तुरुंगात धाडले तर पोटगी भरायची कोणी, याचे उत्तर 2019 च्या कायद्याने नीट दिलेले नाही. बहुपत्नीत्व आणि हलाला (पहिल्या नवऱ्याशी पुन्हा लग्न करण्याआधी दुसऱ्याशी लग्न करण्याची अट) 2017 च्या निकालाबाहेरच राहिले, आणि वारशात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा मिळतो तो अजून तसाच आहे.