अंगारा आणि ब्लेड

वऱ्हाडातल्या आमच्या चिखलीत पंचाहत्तरीपुढच्या कुणालाही जन्मतारीख विचारा. बहुतेक जण १ जून सांगतील. पोरगं शाळेत घालायला आणलं की मास्तर त्याच्या उंचीकडे बघून साल ठरवायचे आणि पुढे १ जून लिहून मोकळे व्हायचे. आमच्या आजीला या तारखेचा भारी राग. पेन्शनीच्या कागदासाठी वय विचारायला आलेल्या एका आजोबांना ती म्हणाली होती, "कायचा जूनमधला तू? चैती पुनवेचा हायेस. देवीची यात्रा भरली व्हती अन् तुह्या मायले कळा सुरू झाल्या."

चैती पुनव म्हणजे चिखलीच्या ग्रामदैवताची, रेणुकामातेची यात्रा. आजीचं पंचांग असंच होतं: यात्रेचा, पोळ्याचा, सैलानीच्या होळीचा, मिलोच्या सालचा. ती सुईण होती. जुन्या गावठाणातली कितीतरी माणसं तिच्या हातावर जगात आली. त्यात हिंदू होते, मुसलमान होते, गावकुसाबाहेरच्या वस्तीतलेही होते.

हे काम ती सासूकडून शिकली आणि गोष्टीही सासूकडूनच आल्या. वऱ्हाड तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होतं. छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० साली, लोकांनी तरोट्याचा पाला उकडून खाल्ला, हे सासूला तिच्या आईनं सांगितलेलं. १९१८ची मानमोडी मात्र सासूनं स्वतः बघितली होती. देशभरात एक कोटीहून जास्त माणसं त्या तापानं गेली, हे मी पुस्तकात वाचलं. पुस्तकांत असंही आहे की गरोदर बायांवर त्या साथीचा घाला मोठा होता. आजीकडे आकडा नव्हता. ती एवढंच सांगायची की त्या साली सासूनं बाळंतपणं केली कमी आणि ओट्या भरून बोळवण केली जास्त.

त्या सासूचा एक नियम आज सांगायला बरं वाटत नाही, पण सांगितलाच पाहिजे. बाळंतपण करून आल्यावर विटाळ म्हणून अंगणात आंघोळ, हे सगळ्या घरांसाठी सारखं. वस्तीतून आली तर मात्र लुगडं घरात आणायचं नाही, वर गोमूत्र. आजी मुकाट्यानं करायची. सासू गेली आणि आजीनं गोमूत्राचा तांब्या बंद केला. कुणाशी वाद घातला नाही, कारण विचारलं तर उत्तरही दिलं नाही. तिच्या भक्तीचं मला सगळ्यात खरं वाटतं ते हे. उपासतापास काय, गावात सगळ्याच बाया करत होत्या.

भक्ती मात्र पोटभर होती. दर गुरुवारी शेजारी गजानन विजय ग्रंथाचं वाचन चालायचं. तिला अक्षर येत नव्हतं, पण एकवीस अध्यायांत कुठं काय आहे ते पाठ. मधेच कुणी बोलवायला आलं की ती उठायची. वाचणारी बाई कुरकुरली तर म्हणायची, "महाराज थांबतीन, पोटातलं लेकरू नाही थांबत."

१९७२च्या दुष्काळात तिनं दिवसा खडी फोडली आणि रात्री बाळंतपणं केली. रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी यायची, मिलो. तिची भाकर थापताना फाटते आणि गार झाली की कातड्यासारखी होते, म्हणून आजी ती गरमागरम, मिरचीच्या ठेच्यासोबत खाऊ घालायची. कामावर मिळालेली सुकडी ती पदराला बांधून आणायची आणि एखाद्या बाळंतिणीच्या हातावर ठेवायची. आमच्या वडलांना याचा राग होता, कारण ती सुकडी त्यांच्या वाट्याची होती. पन्नास वर्षांनीही तो राग गेलेला नाही, आणि मला तो रास्त वाटतो. सेवा करणाऱ्या बाईच्या घरातही कुणीतरी उपाशी झोपतं.

पुढे सरकारनं दायांना प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. आजीही गेली. परत येताना ॲल्युमिनियमची पेटी घेऊन आली. आत ब्लेड, दोरा, साबण. त्याआधी नाळ विळ्यानं कापत. धनुर्वातानं थोड्याच दिवसांत लेकरं जात आणि लोक त्याला सटवाईचा कोप म्हणत. आजीनं ब्लेड उकळून घ्यायला सुरुवात केली. पेटीच्या कोपऱ्यात मात्र रेणुकामातेच्या अंगाऱ्याची पुडी कायम. आधी उकळलेलं ब्लेड, मग बाळंतिणीच्या कपाळाला अंगारा, हा क्रम तिनं कधी बदलला नाही. प्रशिक्षणात सांगितलं होतं म्हणून अंगारा नाळेला कधीच लावू दिला नाही. त्यावरून तिची म्हाताऱ्या बायांशी भांडणं व्हायची.

दवाखान्यातली बाळंतपणं वाढली तेव्हा तिला वाईट वाटेल असं आम्हाला वाटलं होतं. उलट अडलेल्या बाईला गाडीत घालून पाठवायला सगळ्यांत आधी तीच ओरडायची.

२०२३ साली कुणबी नोंदी शोधायला जुनी कोतवाल बुकं बाहेर निघाली तेव्हा एका नातेवाइकासोबत मीही पानं चाळली. तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी. सुईणीसाठी रकाना नाही. मी बघितलेल्या पानांवर आईसाठीही नव्हता. चैती पुनवेच्या त्या आजोबांची नोंदही तिथं सापडली, एप्रिलमधली. पण आधारकार्डावर अजून १ जूनच आहे, आणि ते म्हणतात, आता या वयात कोण बदलत बसतं.