अंगणातील परदेशस्थ

वैनगंगेच्या खोऱ्यातील मोहाडीसारख्या गावी कोणाच्याही अंगणात डोकावले, तर कुंड्यांतून झेंडू, सदाफुली, गुलबाक्षी, शेवंती ही मंडळी हटकून दृष्टीस पडतात. देवपूजेत ती इतकी रुळली आहेत की, ती परकी असतील अशी शंकाही कोणास येत नाही. तथापि झेंडू व गुलबाक्षी मूळची अमेरिकेची, सदाफुली मादागास्कर बेटाची आणि शेवंती चीनची होय. जुन्या काळच्या लांबच्या जलप्रवासात खारा वारा व गोड्या पाण्याचा तुटवडा यांमुळे जिवंत रोपे बहुधा मरत. बी मात्र तग धरी. पुढे नाथानिएल वॉर्ड या लंडनच्या वैद्याने १८३३ साली काचेच्या बंद पेटीत घातलेली रोपे सिडनीस सुखरूप पोचविली, तेव्हा कुठे शोभेच्या झाडांचा जगभर सुलभ संचार सुरू झाला.

कुंडीतले झाड का रुसते, याचे उत्तर पुष्कळदा त्याच्या माहेरीच सापडते, असे आम्हास वाटते. सदाफुली रेताड जमिनीत सुखाने वाढणारी; श्रावणात तिची मुळे कुजतात ती साचलेल्या पाण्याने. इकडची धानाच्या बांधीतली माती धानास उत्तम खरी, परंतु कुंडीत ती ओली असता चिकट आणि वाळताच दगडासारखी होते. तीत रेती व कुजलेले शेणखत मिसळावे, आणि तळाच्या छिद्रावर खापरी ठेवावी. छिद्र बुजवू नये. वैशाखात जमिनीतले मूळ ओलाव्याच्या शोधात खोल जाते; कुंडीतल्याला ती सोय नाही. सबब कुंड्या पूर्वेच्या बाजूस हलवून मातीवर तणस पसरावी.

शेवंतीची कथा अधिक नवलाची. काही झाडे दिवसरात्रीच्या लांबीवरून फुलण्याचा काळ ओळखतात, हे गार्नर व अलार्ड या अमेरिकन संशोधकांनी १९२० साली दाखविले. शेवंती त्यांपैकीच एक. रात्री लांबू लागल्या की तिला कळ्या येतात. कित्येक घरी खत घालून घालून ती नुसती पानांनी माजते, आणि बोल लागतो बिचाऱ्या कुंभाराच्या कुंडीला. खरा अपराधी असतो ओसरीवर रात्रभर जळणारा विजेचा दिवा. आश्विन लागताच ती कुंडी परसातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात न्यावी. दिवसा मात्र तिला ऊन हवेच.