एका सामन्याचा इतिहास

इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया आणि तह हेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. शाळेत आम्हीही तो तसाच शिकविला. परंतु समाजमनावर शतकानुशतके बसलेली एखादी समजूत कधी कधी रणांगणावर न मोडता एखाद्या क्रीडांगणावर मोडते, आणि तीही घटका-दोन घटकांच्या अवधीत. असा एक प्रसंग यंदाच्या स्मरणिकेच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवावा असे आम्ही योजिले आहे. प्रसंग परदेशचा आहे. तथापि त्यातील मर्म आपणांस परके वाटणार नाही असा आमचा विश्वास आहे.

दि. १९ मार्च १९६६ रोजी अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातील कॉलेज पार्क या गावी, तेथील विद्यापीठाच्या कोल फील्ड हाउस नामक क्रीडागृहात, महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना झाला. एका बाजूस केंटकी विद्यापीठाचा नामांकित संघ होता. दुसऱ्या बाजूस टेक्सास वेस्टर्न नावाचे, स्वदेशातही अनेकांनी न ऐकलेले एक महाविद्यालय. केंटकीचे सर्व खेळाडू गोरे, आणि टेक्सास वेस्टर्नचे प्रारंभी उतरलेले पाचही खेळाडू कृष्णवर्णीय. राष्ट्रीय अंतिम सामन्यात असे पाच खेळाडू एकदम उतरविणारा हा पहिलाच संघ होता.

ज्या वाचकांस हा खेळ परिचित नाही त्यांच्यासाठी दोन शब्द लिहितो. डिसेंबर १८९१ मध्ये मॅसेच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षणशाळेत जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात घरात खेळता येईल असा खेळ म्हणून तो रचला. प्रथम त्याने पीच फळांच्या टोपल्याच भिंतीवर टांगल्या होत्या. प्रत्येक बाजूस पाच खेळाडू. चालू खेळात चेंडू टोपलीत गेला तर त्या काळी २ गुण मिळत. प्रतिपक्षाने नियमभंग केल्यास टोपलीसमोरील ठरावीक रेषेवरून एकट्याने, कोणी अडविणार नाही अशा रीतीने चेंडू टाकावयास मिळे. त्यास फ्री थ्रो म्हणतात, आणि त्याचा १ गुण. हा फ्री थ्रो वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण आमच्या कथेचा निकाल तेथेच लागला.

केंटकीचे मार्गदर्शक अ‍ॅडॉल्फ रप हे त्या वेळी ६४ वर्षांचे होते. कॅन्सस विद्यापीठात नेस्मिथ शिकवीत असतानाच रप यांचे तेथे शिक्षण झाले होते. त्यांच्या संघाने १९४८, १९४९, १९५१ आणि १९५८ अशी चार वेळा राष्ट्रीय स्पर्धा जिंकली होती. १९६६ च्या संघात साडेसहा फुटी एकही खेळाडू आरंभीच्या पाचांत नव्हता, तरी चापल्य व नेमबाजी यांच्या बळावर तो देशात पहिल्या क्रमांकावर होता. केंटकी ज्या आग्नेय विभागात खेळे, त्या विभागातील एकाही विद्यापीठाच्या मुख्य बास्केटबॉल संघातून तोपर्यंत एकही कृष्णवर्णीय विद्यार्थी खेळला नव्हता. अलबामा, मिसिसिपी, जॉर्जिया ही राज्ये त्याच विभागातली. नागरी हक्कांचा कायदा १९६४ मध्ये आणि मतदानाच्या हक्काचा कायदा १९६५ मध्ये संमत झाला होता. परंतु कायदा कागदावर होतो आणि वागणूक मनात असते.

टेक्सास वेस्टर्न हे मेक्सिकोच्या सरहद्दीवर, रिओ ग्रांदे नदीच्या काठी एल पासो शहरात वसलेले. १९१४ मध्ये खाणकामाची शाळा म्हणून ते सुरू झाले, म्हणून त्याच्या खेळाडूंस ‘मायनर्स’ म्हणजे खाणकामगार असे नाव पडले. थेल्मा व्हाइट या कृष्णवर्णीय विद्यार्थिनीने न्यायालयात दाद मागितल्यानंतर १९५५ मध्ये त्याची दारे सर्व वर्णांच्या विद्यार्थ्यांस खुली झाली. पुढील वर्षीच चार्ली ब्राउन हा कृष्णवर्णीय खेळाडू तेथील बास्केटबॉल संघात आला. थोडक्यात, १९६६ चा विजय आकाशातून पडला नव्हता. त्याची जमीन एका मुलीने अकरा वर्षे आधी नांगरली होती.

१९६१ मध्ये डॉन हॅस्किन्स हे तेथे मार्गदर्शक म्हणून आले. ते ओक्लाहोमा राज्यातले. त्यापूर्वी टेक्सासमधील लहान गावांच्या शाळांतून त्यांनी मुलांचे व मुलींचे संघ शिकविले होते. महाविद्यालयाने त्यांस राहावयास जागा दिली ती विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात, आणि तेथे ते सहकुटुंब राहिले. तरुणपणी आपल्या गावी एका कृष्णवर्णीय मित्रासह ते तासन्‌तास खेळत. तो आपल्यापेक्षा उणा नाही हे त्यांनी पाहिले होते. आणि मोठी महाविद्यालये आपणांस बोलावतात, त्यास कोणी विचारीत नाही हेही पाहिले होते. ती गोष्ट ते विसरले नाहीत. नामांकित विद्यापीठे जेथे पाहत नसत तेथे त्यांनी खेळाडू शोधिले. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स वस्तीतून विली वर्स्ली, नेव्हिल शेड व विली केगर. इंडियानातील गॅरी या पोलादाच्या गावातून ऑर्स्टन आर्टिस व हॅरी फ्लोर्नॉय. डेट्रॉइटच्या बाजूने बॉबी जो हिल. ह्यूस्टनहून डेव्हिड लॅटिन. संघात एकूण १२ जण : ७ कृष्णवर्णीय, ४ गोरे आणि १ मेक्सिकन वंशाचा.

कृष्णवर्णीय खेळाडू त्यापूर्वी अमेरिकेत नव्हते असे मुळीच नाही. १९५५ व १९५६ मध्ये बिल रसेलच्या सॅन फ्रॅन्सिस्को संघाने, आणि १९६३ मध्ये चार कृष्णवर्णीय खेळाडूंसह उतरणाऱ्या शिकागोच्या लॉयोला संघाने हीच स्पर्धा जिंकली होती. परंतु एक अलिखित नियम मार्गदर्शकांच्या मनात होता. घरच्या मैदानावर दोन, परगावी तीन, आणि सामना हातचा जाऊ लागला तर चार; पाच मात्र कधीही नाहीत, असे लोक थट्टेने बोलत. या नियमाच्या पोटात जी समजूत होती ती अशी, की ही मुले धावण्यात व उडी मारण्यात तरबेज असतात खरी. पण संकटाच्या क्षणी त्यांचे चित्त ठिकाणावर राहत नाही, म्हणून मैदानावर निदान एक गोरा, शांत डोक्याचा हवाच. म्हणजे पाय यांचे घ्यावेत, डोके दुसऱ्याचे! वाचकहो, ही विभागणी आपण अन्यत्रही ऐकलेली असेल.

स्पर्धेतील मार्ग सोपा नव्हता. ओक्लाहोमा सिटीस टेक्सास वेस्टर्नने ८९–७४ असे सहज हरविले. सिनसिनाटीविरुद्ध बरोबरी होऊन जादा वेळ द्यावा लागला आणि ७८–७६ असा निसटता जय मिळाला. कॅन्ससविरुद्ध तर दोनदा जादा वेळ झाला. पहिल्या जादा वेळेच्या अंती कॅन्ससच्या जो जो व्हाइटने टाकलेला चेंडू टोपलीत गेला. परंतु त्याचा पाय रेषेवर पडला होता असे पंचांनी ठरविले, आणि पुढे सामना ८१–८० असा हाती आला. उपांत्य सामन्यात युटाहचा जेरी चेंबर्स एकटा ३८ गुण करून गेला. त्यास आवर घालण्यासाठी जेरी आर्मस्ट्राँग या गोऱ्या खेळाडूस धाडण्यात आले, आणि त्याने ते काम चोख केले. सामना ८५–७८ असा जिंकला. अंतिम सामन्यात आर्मस्ट्राँगला खेळावयास मिळाले नाही. तेथवर संघ पोहोचला त्यात त्याचाही हात होता, याची नोंद इतिहासाने ठेविली पाहिजे.

अंतिम सामन्यात हॅस्किन्स यांनी एक अनपेक्षित चाल केली. केंटकीचे खेळाडू चपळ, म्हणून उंच शेडऐवजी ५ फूट ६ इंच उंचीच्या वर्स्लीस त्यांनी प्रारंभी उतरविले. आरंभीच लॅटिनने केंटकीच्या पॅट रायलीच्या डोक्यावरून चेंडू टोपलीत आपटला. पुढे हिलने लागोपाठ दोन वेळा केंटकीच्या खेळाडूंच्या हातचा चेंडू हिसकावून घेतला आणि एकट्याने धावत जाऊन गुण केले. फ्लोर्नॉय गुडघा दुखावून लवकरच बाहेर बसला. शेड व केगर आत आले. मध्यंतरास ३४–३१ अशी आघाडी होती. उत्तरार्धात केंटकीने अंतर पुष्कळ कमी केले. प्रेक्षागृहाचा मोठा भाग त्यांच्याच बाजूने गर्जत होता. परंतु आघाडी गेली नाही. शेवट ७२–६५ असा झाला. हिलचे २०, लॅटिनचे १६, आर्टिसचे १५ गुण. केंटकीकडून रायली व डँपियर यांनी प्रत्येकी १९ गुण केले. टेक्सास वेस्टर्नकडून मैदानावर उतरलेले सातही जण कृष्णवर्णीय होते.

आता आकडे पाहावेत, कारण शिक्षकाचा विश्वास आकड्यांवर असतो. चालू खेळात केंटकीने ७० प्रयत्नांत २७ वेळा चेंडू टोपलीत टाकला. टेक्सास वेस्टर्नने ४९ प्रयत्नांत २२ वेळा. म्हणजे मैदानी गुण केंटकीचे ५४ आणि टेक्सास वेस्टर्नचे ४४. मग सामना जिंकला कसा? तो फ्री थ्रोच्या रेषेवर. केंटकीने १३ पैकी ११ साधले. टेक्सास वेस्टर्नने ३४ पैकी २८. खेळ थांबलेला, सारे क्रीडागृह ओरडत असलेले, आणि रेषेवर एकटा तरुण उभा. येथे धाव कामास येत नाही, उडी कामास येत नाही. येथे लागतो तो स्थिर हात आणि शांत चित्त. जो गुण या मुलांच्या ठायी नाही असे साऱ्या देशाने गृहीत धरिले होते, नेमक्या त्याच गुणावर त्यांनी राष्ट्रीय पद जिंकले. त्यांचा एकंदर खेळही सावकाश, संयमी आणि बचावाच्या शिस्तीचा होता. ही शिस्त हॅस्किन्स आपले गुरू हेन्री आयबा यांच्यापाशी शिकले होते.

विजयानंतर टोपलीची जाळी कापून नेण्याची तेथे प्रथा आहे. त्या रात्री शिडी कोणी आणून दिली नाही असे सांगतात. बुटक्या वर्स्लीस शेडने खांद्यावर घेतले आणि जाळी कापली गेली. पुढील काही महिने हॅस्किन्स यांस द्वेषाच्या पत्रांचा पाऊस सोसावा लागला. गोरे लिहीत की याने घात केला. काही कृष्णवर्णीय लिहीत की याने आपल्या मुलांचा वापर केला. हॅस्किन्स अखेरपर्यंत एवढेच सांगत राहिले की माझ्यापाशी जे सर्वोत्तम होते ते मी खेळविले. दुसरा हेतू नव्हता.

परिणाम मात्र दूरवर गेले. १९६७ च्या हिवाळ्यात पेरी वॉलेस हा व्हँडरबिल्टकडून आग्नेय विभागात मुख्य संघात खेळणारा पहिला कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू ठरला. १९७० मध्ये खुद्द केंटकीच्या संघातून टॉम पेन खेळला. तथापि एका विजयाने सारे पालटते असे मानणे भाबडेपणाचे होईल. टेक्सास वेस्टर्नचे नाव १९६७ मध्ये ‘एल पासो येथील टेक्सास विद्यापीठ’ असे झाले. आणि १९६८ मध्ये त्याच विद्यापीठाच्या कृष्णवर्णीय धावपटूंनी वर्णभेदाच्या निषेधार्थ एका स्पर्धेवर बहिष्कार घातला, तेव्हा त्यांस संघातून काढण्यात आले. लांब उडीचा जगद्विख्यात वीर बॉब बीमन त्यांत होता. ज्या संस्थेने दार उघडले तिलाही आतली खोली झाडणे जड गेले. २००६ मध्ये या विजयावर निघालेल्या चित्रपटात हॅस्किन्स पहिल्याच वर्षी विजयी झालेले दाखविले आहेत. वस्तुतः ते त्यांचे पाचवे वर्ष होते. चित्रपटास घाई असते, इतिहासास नसते.

येथे आमच्याविषयी एक गोष्ट सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. शाळेत अनेक वर्षे खेळाचा तास आमच्याकडे असे. एका वर्षी खो-खोच्या संघात गावकुसाबाहेरच्या वस्तीतील एक मुलगा सर्वांत चांगला होता. कप्तान कोणास करावे हा प्रश्न आला तेव्हा, “तो धावेल चांगला, पण संघ सांभाळणे त्यास जमायचे नाही,” असे आम्ही सहज बोलून गेलो, आणि दुसऱ्या मुलाचे नाव लिहिले. तो मुलगा काही बोलला नाही. सामन्यात पूर्वीइतकाच जीव तोडून धावला. त्यास संघ सांभाळणे जमते की नाही हे आम्ही कधी पाहिलेच नव्हते. पाहण्याची संधीच दिली नव्हती. पुढे पुष्कळ वर्षांनी १९६६ च्या सामन्याची हकिकत आमच्या वाचनात आली, आणि आपण तोच अलिखित नियम पाळला होता हे ध्यानात आले. तो आम्हांस कोणी शिकविला नव्हता, आणि म्हणूनच तो मोडावा असे कधी सुचलेही नव्हते.

बॉबी जो हिल २००२ मध्ये, हॅस्किन्स २००८ मध्ये, फ्लोर्नॉय २०१६ मध्ये व आर्टिस २०१७ मध्ये निवर्तले. त्यापूर्वी २००७ मध्ये तो सारा संघ स्प्रिंगफील्ड येथील नेस्मिथ यांच्या नावाच्या कीर्तिमंदिरात विराजमान झाला. टोपल्या टांगून खेळ जेथे सुरू झाला, त्याच गावी त्यांचा मान झाला ही गोष्ट समाधानाची आहे.

असो. आपल्या ज्ञातीतील मुले परीक्षांत व खेळांत चमकतात तेव्हा त्यांचा सत्कार आपण करतोच, आणि तो करावाच. परंतु निवड करण्याचा अधिकार ज्यांच्या हाती येतो त्या बांधवांस आमची एक विनंती आहे. शाळेत असो, कचेरीत असो वा पंचमंडळात असो, समोरचा मुलगा आपल्या ज्ञातीचा असो वा नसो, “यास हे जमणार नाही” असे म्हणण्यापूर्वी एकवार त्यास रेषेवर उभे करून पाहावे. चौतिसांत अठ्ठावीस कोण साधील, हे चेंडू हाती दिल्यावाचून कळत नाही.